फळ्यावरचा तेरा पॉइंट आठ

उज्ज्वलाताई खासगी तपासनीस खऱ्या, पण दिवसभर एका चोरीच्या मोटारसायकलीमागे फिरून त्यांचे आणि त्यांचे साथीदार मारोतराव यांचे पाय बोलायला लागले होते. मारोतराव निवृत्त हवालदार. नेरच्या मैदानाबाहेर त्यांनी चहा सांगितला, तोच देवसिंग राठोड मुलीला घेऊन पुढ्यात उभा राहिला.

"ताई, शंभर मीटरमंदी माह्या राखीचा टाइम खोटा लावला. घड्याळाचं बटन दाबणाऱ्या शामची भाची टीममंदी निवडली. आता टीमची गाडी निघते. मोठी रुपी मांगच्या साली अशीच हरली, तिनं धावणंच सोडलं. आता राखीबी सोडतो म्हणते."

मारोतराव उसासा टाकून उठले. चहा नशिबात नव्हता.

मैदानावरच्या डिजिटल फळ्यावर निकाल होता. शामची भाची १३.१५. तिसरी मुलगी १४.५०. वेगळ्या फेरीत धावलेली राखी १३.८.

"मी फक्त बटन दाबतो," शाम वैतागून म्हणाला. "आकडा फळ्यावरच दिसते. लोक मले चोर म्हणून राह्यले!"

फळ्याचा प्रोग्राम लिहिणारा कपिल लॅपटॉप मिटतच होता. "तपासूनच दिला ना ताई. १२.३४, १३.५०, १४.२७, असे आकडे टाकून चाचण्या लिहिल्या. सगळ्या पास."

"भाचीपायी माणूस काहीबी करते," मारोतराव कुजबुजले.

"चोर सोडून संन्याशाला फाशी नको," उज्ज्वलाताई थकल्या आवाजात म्हणाल्या. "मारोतराव, १४.५० मधलं शून्य फळ्यावर आहे. मग राखीचं कुठं गेलं?"

"कुठं?"

"तिची वेळ १३.८० असती, तर तिचंही शून्य शेवटी दिसलं असतं. म्हणजे ते आठाच्या आधी होतं. प्रोग्राम सेकंद लिहितो, पॉइंट देतो आणि शतांश चिकटवतो. शतांश आठच, म्हणून नुसता ८. कपिल, पॉइंटनंतर लगेच शून्य येईल असा एकही आकडा तू तपासला नाहीस. तेरा सेकंद, आठ शतांश टाक. १३.०८ यायला हवं."

कपिलनं टाकलं. फळ्यावर १३.८ च उमटलं; चाचणी नापास झाली. यंत्रातली राखीची मूळ नोंदही निघाली: सेकंद तेरा, शतांश आठ.

शाम गाडीकडे गेला. त्यानं भाचीची बॅग गाडीतून उतरवली. मारोतरावांना त्याच्याकडे बघवेना.

देवसिंगनं हात जोडले. राखी मात्र गाडीच्या पायरीवरच थांबली.

"ताई, आमच्या रुपीचा तेरा पॉइंट नऊ होता जी."

सगळे कपिलकडे वळले.

"तेव्हाही प्रोग्राम हाच होता," तो म्हणाला.