थोरला की धाकटा

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी काउंटरची काच पुसत होते.

"एकाच कंपनीचे हे दोन फोन," तो म्हणाला, "दिसायला अगदी सारखे. मग फरक काय?"

हा प्रश्न मला दिवसातून दहादा येतो आणि उत्तर तोंडपाठ आहे. पण भुवयांवर कागदाचा बारीक भुगा घेऊन आलेला हा माणूस माझ्याकडे इतकं निवांत बघत होता, की पाठ केलेलं सगळं अर्ध्यावरच अडलं.

"हा थोरला... आणि हा धाकटा," मी म्हणाले. दुकानात आम्ही या जोडीला असंच म्हणतो. "थोरल्याचा कॅमेरा चांगला, जागा दुप्पट. धाकटा स्वस्त. बॅटरी दोघांची सारखीच."

"म्हणजे थोरला शिकलेला आणि धाकटा कष्टाळू?"

"आमच्या घरी उलटं आहे. थोरली मी, आणि राबतेही मीच."

तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसायचे, ओठ मागाहून. हे एवढं बघायची मला काही गरज नव्हती, पण बघितलं खरं.

तो बाइंडर होता. मागच्या गल्लीत शाळांची रजिस्टरं आणि जुनी पुस्तकं बांधून द्यायचा. दिवसभर हात खळीत, त्यामुळे नंबर दाबून फोन उघडायचा म्हटलं की स्क्रीन चिकट व्हायची. म्हणून त्याला बोट लावून उघडणारा फोन हवा होता. पण थोरल्याच्या कडेच्या बटणावर लावा नाहीतर धाकट्याच्या पाठीवर, दोघांनीही त्याचं बोट ओळखलं नाही. दहाही बोटं झाली! खळीचे थर बसून बसून टोकं पार गुळगुळीत झाली होती.

"उद्या हात घासून या," मी म्हणाले.

तो दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आला. तिसऱ्या दिवशीही आला. बोट काही लागेना, आणि मला मात्र एक गोष्ट कळून चुकली — तुलना संपली की हा फोन घेणार, आणि फोन घेतला की याचं इथे काय काम? मग मी रोज नवा फरक काढू लागले. एक दिवस वजन, एक दिवस उन्हात दिसणारा उजेड. सहाव्या दिवशी सांगण्यासारखं काही उरलंच नाही, तेव्हा मी सरळ ठोकून दिलं, "धाकट्याचा आवाज जरा मोकळा आहे."

"असं?" त्याने दोन्ही फोन आळीपाळीने कानाला लावले. "हो... किंचित."

तो गेल्यावर कोपऱ्यात बसणारे रिपेअरवाले दादा मान वर न करता म्हणाले, "दोघांत स्पीकर एकच असतो गं. मीच बदलतो ना रोज."

"दादा, तुम्ही तुमचा स्क्रू शोधा."

घरी आईही विचारत होती, हल्ली रोज इस्त्रीचे कपडे कसे म्हणून.

नवव्या दिवशी तो आला तो उतरलेल्या चेहऱ्याने. त्याचा जुना फोन सकाळीच बंद पडला होता. एक वाचनालय दोन तास फोन लावत राहिलं, आणि शेवटी त्यांनी काम दुसऱ्याला दिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या हौसेपायी याचं नुकसान...

"धाकटा घ्या," मी म्हणाले. "थोरल्याचा कॅमेरा तुमच्या काही कामाचा नाही. बोट नाही लागलं तर नंबर आहेच."

"नक्की?"

"नक्की."

नवा फोन उघडून मी सगळं लावून दिलं, बोटाचं चालतंय ना तेही तपासलं. दाराशी जाऊन तो थबकला.

"मग... झालं तर."

"झालं," मी म्हणाले आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसायला घेतली.

पुढचे तीन दिवस तो आला नाही. येणार नाही हे ठाऊक असूनही सुट्टीच्या वेळी माझी नजर दाराकडे जायचीच. दादांनी चिडवणंही सोडलं, त्याचं जास्त वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी, दिवे लागायच्या वेळी तो समोर उभा! "फोनमध्ये गडबड आहे. यात आधीपासूनच कुणाचं तरी बोट आहे. माझं तर एकही लागत नव्हतं."

"अगं बाई! तपासताना मी माझंच बोट लावलं होतं. काढायचंच राहिलं... द्या, आत्ता काढते."

त्याने फोन मागे घेतला. "नको. राहू द्या ते."

मी पुढे केलेला हात काउंटरवर ठेवला.

"तीन दिवस खळीला हात लावला नाही मी," तो सावकाश म्हणाला. "तेल चोळतोय, कोमट पाण्यात बुडवतोय. शाळेची रजिस्टरं पडून आहेत, हेडमास्तर रागावलेत. पण फोनमधल्या बोटांच्या त्या यादीत तुमच्या खाली... माझं बोट हवंय."

"त्या स्पीकरचं... मी खोटं बोलले होते."

"माहीत आहे. दोन्ही खोक्यांवर सारखंच छापलंय की."

"मग रोज का येत होतात?"

"आज कोणता फरक काढताय, ते ऐकायला."

कोपऱ्यातून दादा खाकरले आणि चहाच्या निमित्ताने बाहेर गेले.

मी त्याचं बोट धाकट्याच्या पाठीवर ठेवलं. उचला, ठेवा, पुन्हा उचला... स्क्रीनवरचं वर्तुळ हळूहळू भरत चाललं. या वेळी खरंच भरत होतं! थोडंसं उरलं तेव्हा मी त्याच्या बोटावर माझं बोट ठेवलं.

"मला तू आवडतोस," मी म्हणाले. "आता हलवू नकोस."

पण त्याचा हात असा काही थरथरला, की फोनने सगळंच रद्द केलं.

"आता?" त्याने विचारलं.

"आता पुन्हा पहिल्यापासून," मी म्हणाले, आणि त्याचा हात सोडला नाही.