ब्राउलियाबाईंनी धरलेला हात

नमुना: रक्त. रुग्ण: देर्लिस, वय एकतीस. नातं: या रकान्याला आमच्या कागदावर जागाच नाही.

तो माझा धाकटा भाऊ.

हे मी रचलेलं नाही. रचलं असतं तर शेवट वेगळा केला असता.

असुन्सिऑन. जानेवारी, इथला भर उन्हाळा. दुपारचे दोन. या वेळी आमच्याकडे सगळं शहर झोपतं. प्रयोगशाळेत मी एकटी.

देर्लिसच्या रक्तात जंतू वाढले होते. त्यांच्या थाळीवर मी औषधांच्या कागदी टिकल्या ठेवल्या होत्या. ज्या टिकलीभोवती जंतू मरून स्वच्छ रिंगण पडेल, ते औषध लागू. पण रिंगण पडणार उद्या सकाळी.

तोवर फक्त अंदाज.

फोन वाजला. वरच्या मजल्यावरून डॉक्टर सुनिल्दा.

"नेहमीचं औषध देऊ, की राखीव औषधाची कुपी फोडू? लवकर सांग गं, हुडहुडीनं पलंग हलवतोय हा!"

फोनमध्ये मागे देर्लिस किंचाळत होता.

भिंतीवर गेल्या वर्षीचा तक्ता. दहातल्या आठ जणांना नेहमीचंच लागू पडलेलं.

"नेहमीच—"

मागून चपला घासत येण्याचा आवाज...

मी ओळखला. ब्राउलियाबाई. चाळीस वर्षं इथेच सूक्ष्मदर्शकाखाली नुसती काचपट्टी बघून औषधाचा अंदाज सांगायच्या. मीच तक्रार करून त्यांना काढायला लावलं. "तक्ता वाचायला पोपट पुरतो, पोरी," म्हणाल्या आणि गेल्या.

दोन वर्षांपूर्वी वारल्या.

चपला थांबल्या...

माझं मनगट कुणीतरी धरलं. टेबलावर आपटलं. पुन्हा आपटलं. हाड मोडलेलं मला ऐकू आलं.

"सोड, म्हातारे! सूड माझ्यावर उगव, त्याच्यावर नको!"

केस धरून माझं तोंड टेबलावरच्या काचपट्ट्यांवर घासलं. दात तुटला. रिसीव्हर लोंबत होता.

"अगं, काय चाललंय? कोणतं देऊ?"

मी लाथा झाडल्या. एकही कशाला लागली नाही. सरपटत रिसीव्हर ओढला. तोंडभर रक्त.

"नेहमीचं! नेहमीचंच द्या!"

पकड सुटली.

मग एक उसासा... नाही. उसासा मी नंतर जोडला असेन.

देर्लिस पहाटे गेला.

सकाळी थाळी उघडली. नेहमीच्या औषधाच्या टिकलीला खेटून जंतू दाट माजले होते.

राखीवच्या टिकलीभोवती रिंगण. मोठं. स्वच्छ.

मी अजून तिथेच काम करते. डॉक्टर दुपारी विचारतात. उत्तर देण्याआधी मी धड राहिलेला हात टेबलावर ठेवते आणि थांबते.

"अगं, बोल ना! माणूस मरतोय इथे!"

कुणीच धरत नाही...