डाव्या डोळ्यातला नंबर

ती पोहायला शिकवायची. चष्मा काठावर काढून ठेवला की तलावाच्या पलीकडच्या टोकाला कोण पोहतंय आणि कोण गटांगळ्या खातंय, काही कळायचं नाही. नवरा कधीचा मागे लागला होता, "लेझर करून घे एकदाचं. उद्या एखादं पोर बुडालं म्हणजे?" त्याचं चुकत नव्हतं हो. पण हिचं दुखणं वेगळंच, आणि ते त्याला सांगायची सोय नव्हती.

आई गेल्यापासून संध्याकाळी चष्मा काढला की खिडकीजवळच्या खुर्चीत आई दिसायची. धूसर, पाठीला बाक, मान जराशी कललेली. चष्मा लावला की खुर्ची रिकामी. ही रोज समोर बसून तिला सगळं सांगायची. नवऱ्याशी झालेली भांडणं, लेकीचे उद्योग, अगदी दागिने कुठे ठेवलेत तेसुद्धा. आई मुकाट ऐकून घ्यायची. जिवंतपणी एवढं कधी ऐकलं नव्हतं बाईने.

शेवटी नवऱ्याच्या हट्टापायी ती लेझरला तयार झाली, पण आई दिसत राहावी म्हणून तपासणीच्या खोलीत हिने चक्क लबाडी केली. डॉक्टरीणबाई भिंगं बदलत विचारत होत्या, "हे बरं, की हे?" उजव्या डोळ्याचं खरं सांगितलं. डाव्याला अक्षर स्वच्छ दिसलं, की ही म्हणायची, "आधीचंच बरं होतं."

डॉक्टरीणबाईंनी यंत्राकडे पाहिलं, मग हिच्याकडे. "यंत्र तर वेगळंच सांगतंय... डाव्यात थोडा नंबर ठेवू का? काही जण मुद्दाम ठेवून घेतात. पुढे वाचायला बरं पडतं."

"ठेवा," ती म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला.

लेझरच्या वेळी डोळ्यासमोर हिरवा ठिपका होता. त्याच्याकडेच बघत राहायचं, हलायचं नाही. ठिपका पसरला, विरला, आणि क्षणभर सगळं काळं झालं. यंत्राची टकटक, केस जळल्यासारखा वास... त्या काळोखात कुणीतरी अगदी जवळून आपला डोळा निरखतंय, असं तिला वाटून गेलं. डॉक्टरीणबाई असतील, दुसरं कोण असणार.

घरी आल्यावर उजवा डोळा झाकून तिने खुर्चीकडे पाहिलं. आई होती. ही बिचारी हमसून हमसून रडली.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई खूश होत्या. "डावाही स्वच्छ झाला की! मी नंबर ठेवला होता... असं सहसा होत नाही."

ही तशीच घरी निघाली. वाटभर एकच मनात येत होतं, आपली आई दुसऱ्यांदा गेली. संध्याकाळ झाली. नवरा स्वयंपाकघरात होता. निदान रिकाम्या खुर्चीचा तरी निरोप घ्यावा म्हणून ती खोलीत गेली. "आई, येते हं..." म्हणाली आणि मान वर केली.

खुर्ची रिकामी नव्हती. दोन्ही डोळे उघडे होते, आणि सगळं लख्ख दिसत होतं. तोच पाठीचा बाक, तीच कललेली मान. सुरकुती न् सुरकुती मोजावी इतकं स्वच्छ. पण ती आई नव्हती. हा चेहरा तिने जन्मात पाहिला नव्हता.

"कुणाशी बोलतेस गं?" आतून नवऱ्याने विचारलं.

खुर्चीतल्या बाईने सावकाश ओठांवर बोट ठेवलं.

"कुणाशी नाही..." ती म्हणाली.