तळहाताचं बेट

दिरानं शाईनं नकाशे काढायचे आणि वहिनीनं ते संगणकावर रंगवायचे, अशी त्या घरातली वाटणी होती. काम असायचं एका लेखकमहाशयांचं. ते कल्पित राज्यांच्या कादंबऱ्या लिहीत, आणि एका फटक्यात त्यांचं समाधान झालं तर शपथ. वहिनीचाही एक हट्ट होता. नकाशाला पोत द्यायचा तो घरातल्याच वस्तूंचे फोटो वापरून. गंजलेल्या तव्याचे तिनं डोंगर केले होते, विटक्या टॉवेलचं गवताळ रान केलं होतं. या खेपेच्या बेटासाठी तिनं आपल्या लेकीचा, ठकीचा, उजवा तळहात टिपला आणि दिराच्या रेघांखाली सरकवला. हातावरच्या रेषांच्या झकास नद्या झाल्या. ठकी दिवसभर मिरवत होती.

मग महाशयांचा निरोप आला. कथेत भरती येते, तेव्हा दक्षिण किनारा बुडवा. वहिनीनं मनगटाकडचा भाग निळा केला, किनाऱ्याला तीन खाचा ठेवल्या. एरवी ती प्रत्येक रंगाचा थर वेगळा राखायची, म्हणजे नको तो काढून टाकता येतो. पण जड फाईल महाशयांच्या संगणकावर उघडेना, म्हणून तिनं एका प्रतीत सगळे थर एक केले आणि ती घेऊन दिराला त्यांच्या घरी पिटाळलं.

दुपारी ठकी शाळेतून आली ती हात फ्रॉकला पुसत. मनगटाजवळ ओल होती. पुसली तरी पुन्हा यायची. कातडी खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतली होती. वहिनीनं हात उजेडात धरला. ओलीच्या कडेला तीन खाचा होत्या.

तिनं ठकीला संगणकाशेजारच्या बुटक्या स्टुलावर बसवलं. आपल्याकडच्या फाईलमधला निळा थर पुसून टाकला. ओल तशीच राहिली. हाताला आता समुद्राचा वास येत होता.

तिनं दिराला फोन लावला आणि महाशयांना दिलेली फाईल आत्ताच्या आत्ता पुसायला सांगितली.

"आता कुठलं, वहिनी," दीर हसत म्हणाला. "महाशय स्वतःच रंगवायला बसलेत. शेवटी अख्खं बेट बुडतं म्हणे."

"त्यांचा हात धरा, भाऊजी. हवं तर संगणक फोडा."

"अहो, झालंच की. एक टेकडी तेवढी राहिलीय."

वहिनीनं पाहिलं. पाणी तळहातभर पसरलं होतं. नद्या दिसत नव्हत्या. अंगठ्याखालचा उंचवटा तेवढा कोरडा होता.

तिनं तो उंचवटा आपल्या मुठीत घट्ट धरला.

मूठ आतून भिजली.

फोनमध्ये कुणीतरी समाधानानं "वा" म्हणालं.

"आई," ठकी हळूच म्हणाली, "पाय टेकत नाहीयेत गं."

तिचे दोन्ही पाय फरशीवर होते.