टाकीची दुसरी बाजू

इलोना साबोने टेबलावरच्या वस्तूला हात घातला, तर तिच्या दुसऱ्या टोकाला आधीच कुणाचा तरी हात.

"सोडा," ती म्हणाली.

"विकायची नाही ती," हाताचा मालक म्हणाला. "वस्तू माझी आहे. टेबलही माझंच आहे."

"मग मांडलीय कशाला? हवा खायला?"

"डावी बाजू ज्याच्याकडे असेल तो कधीतरी येईल म्हणून."

इलोनाने मान वर केली. टोलेडोच्या बाहेर जत्रेच्या मैदानात एप्रिलात जुन्या सायकलींच्या भागांचा बाजार भरतो, आणि दरवर्षी त्याच दिवशी नेमका पाऊस भुरभुरतो. ताडपत्रीच्या कडेवरून थेंब ओघळत होते आणि त्या माणसाच्या टोपीवर पडत होते. त्याला पत्ताच नव्हता. उंच, सडपातळ, हातांना ग्रीस... आणि डोळे असे, की कुठल्याही वस्तूची पाठ उलटून बघितल्याशिवाय राहणार नाहीत.

"तो नाही," ती म्हणाली. "ती. माझ्याकडे आहे डावी."

ती वस्तू म्हणजे सायकलची टाकी. जुन्या जाडजूड सायकलींना दोन दांड्यांच्या मध्ये मोटारसायकलसारखी पत्र्याची खोटी टाकी असायची. दोन बाजू, मधे स्क्रू. आत पेट्रोलचा थेंब नाही, सगळा नुसता तोरा. रॅट रॉड बांधणारी माणसं अशा टाकीसाठी जीव टाकतात. ह्या लोकांची रीतच उलटी: दहा सायकलींची हाडं गोळा करायची, मनाला येईल तशी जोडायची, आणि गंज मात्र दागिन्यासारखा मिरवायचा. चकचकीत सायकल घेऊन आलात, तर तुमच्याकडे नवीन बूट घालून चिखलात उतरल्यासारखं बघतात.

त्याचं नाव वेंडेल प्राइस. पुढच्या शनिवारी तो आपली उजवी बाजू काखोटीला मारून इलोनाच्या गॅरेजात आला. इलोना सायलेन्सरच्या दुकानात वेल्डिंग करायची आणि घरी आल्यावर सायकली बांधायची. तिची आई मार्गित दारात पॅप्रिकाशचं, म्हणजे कोंबडीच्या लाल रश्श्याचं, वाफाळतं पातेलं धरून उभी राहिली, पळी हातात, नजर त्याच्यावर.

"जेवतोस की नाही रे? सायकलीच्या तारेसारखा दिसतोस."

"जेवतो, मिसेस साबो."

"मग दाखव जेवून."

दोन्ही बाजू बाकावर ठेवल्या. त्याची निव्वळ गंजलेली, चॉकलेटी. तिची फिकट पिवळी. कुणीतरी स्वयंपाकघराच्या भिंतीचा उरलेला रंग ब्रशने फासलेला, केसांचे ओरखडे तसेच.

"एकाच सायकलच्या असतील?" वेंडेल पुटपुटला. "मला इंडियानात भंगारात मिळाली. तुम्हाला?"

"फ्रीमाँटजवळ एका कोठारात. अशा हजारो बनल्या होत्या. आणि एकच टाकी अर्धी कोण रंगवेल?"

"ताटातूट झाल्यावर रंगवली असेल. दोन भाऊ भांडले, वाटणी झाली..."

"भाऊ टाकी नाही वाटून घेत. नवरा-बायको घेतात. एकमेकांना मिळू नये म्हणून."

"तुम्हाला लग्नाचा फार अनुभव दिसतोय."

"साखरपुड्याचा आहे," इलोना म्हणाली. "डग नाव होतं. माझी पहिली सायकल त्याने मला न विचारता घासून लालभडक रंगवली. वाढदिवसाची भेट म्हणे! तिथल्या तिथे अंगठी काढून त्याच्या तळहातावर ठेवली."

वेंडेल हसला नाही. त्याने पिवळ्या पत्र्यावरचा हात हळूच मागे घेतला. इलोनाला ते आवडलं. आवडलं, हे तिने चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

ठरलं असं: तिच्या बाजूची कड चेपली होती, ती वेंडेलने ठोकून सरळ करायची, पत्रा ठोकण्यात त्याचा हात बसलेला होता. मग दोघांच्या सांगाड्यांवर लावून बघायची. जिथे शोभेल, तिथे टाकी जाईल. दुसऱ्याने कुरकुरायचं नाही.

"लोखंडाला हात लावा," तिने बजावलं. "रंगाला नाही."

"नाही लावणार." पिवळी बाजू घेऊन तो गेला; त्याची बाकावरच राहिली.

त्यानंतर तो कडेबद्दल काहीबाही विचारायला यायचा. ज्या गोष्टी त्याला इलोनापेक्षा जास्त कळत होत्या, त्याच विचारायचा. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. मार्गितला मात्र बरोबर कळलं. तिने त्याच्यासाठी वेगळी खुर्ची काढली.

आणि मग एका दुपारी तो दारात उभा राहिला तो टोपी हातात घेऊन.

"आत ये की."

"आधी हे बघ."

पिवळ्या रंगात, वरच्या कडेला, तळहाताएवढी जागा घासलेली होती. खाली जुना हिरवा रंग आणि गंज.

इलोनाचा चेहरा उतरला. मग तापला.

"पाय घसरून पडलास का घासणीवर?"

"नाही. मीच घासलं."

"का?"

"राहवलं नाही. माझ्या बाजूला कडेपर्यंत एक खोल चरा आहे. तो पुढे जातो का, बघायचं होतं. तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही." त्याने घासलेल्या जागेवर बोट ठेवलं. "वर पिवळा रंग लावून झाकता आलं असतं. मिळताजुळता सापडलाही होता. पण ते... खोटं झालं असतं."

"एक सांगितलं होतं मी तुला. एकच!"

"हो."

"जा, वेंडेल."

तो गेला. आपली बाजूही बाकावर तशीच ठेवून गेला. "टाकी तुझी," एवढंच म्हणाला.

मार्गित आतून आली. "काय केलं त्याने?"

"डगने केलं तेच."

"डग सांगायला आला होता? तो तर टाळ्या वाजव म्हणत होता." मार्गितने रिकाम्या खुर्चीवरची धूळ झटकली. "आणि गं, चरा पुढे जातो की नाही?"

"मला काय करायचंय?"

"मला तरी सांग. माझा जीव वर-खाली होतोय."

इलोनाने आई आत जायची वाट बघितली. मग उठली. रागाच्या आत काहीतरी सारखं टोचत होतं. दोन्ही बाजू तिने कडेला कड लावून धरल्या... आणि बोट फिरवलं. चॉकलेटी गंजातून निघालेला चरा शिवण ओलांडून हिरव्यात उतरला, थोडासा वाकला आणि पिवळ्याखाली नाहीसा झाला. केसभरही फरक नाही.

पुढे कुठे जात असेल तो? कशाने पडला असेल? आणि हा चरा पहिल्यांदा दिसला तेव्हा वेंडेल एकटाच होता. कुणाला हाक मारली असेल त्याने?

रविवारी ती वेंडेलच्या शेडसमोर उतरली. गाडीत मागे टाकी, वेल्डिंगचं यंत्र आणि तिचा अख्खा सांगाडा.

वेंडेल बाहेर आला आणि तिथेच खिळला.

"जुळतो," ती म्हणाली. "चरा."

"जुळतो?" त्याचा चेहरा पोरासारखा उजळला आणि लगेच विझला. "मग टाकी तुझ्या सांगाड्यावर लावू. मी स्क्रू आणतो."

"माझ्या नाही. तुझ्याही नाही. दोन्ही कापायचे. जोडून एक लांब करायचा, दोन सिटांचा."

"कापायचे? तुझा सांगाडा... तू स्वतः..."

"विचारतेय मी. विचारायची पद्धत असते. हो की नाही?"

"हो," तो म्हणाला. मग, "पण पुढे कोण बसणार?"

"मी."

"मग मला दिसणार काय?"

"माझी पाठ. सोस."

दुपारपर्यंत सांगाडे कापून झाले. वेंडेलने दोन नळ्या समोरासमोर धरल्या. इलोनाने मुखवटा डोक्यावर चढवला, जोड नीट जुळलाय का ते वाकून बघितलं.

"नीट धर. आणि डोळे मीट, माझ्याकडे मुखवटा एकच आहे. उजेडाने डोळे जातील."

त्याने घट्ट मिटले. "इलोना, त्या दिवशी सांगायचं राहिलं. चरा दिसला ना, तेव्हा मला टाकीचं काहीच वाटलं नाही. तुला सांगायचंय, एवढंच वाटलं. हल्ली काहीही दिसलं तरी तसंच वाटतं. पाव भाजताना करपला तरी."

यंत्र गुणगुणत होतं. ठिणगी मात्र उडाली नाही.

"सुरू केलंस का?" त्याने मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"करतेय," ती म्हणाली, आणि मुखवटा बाजूला काढून ठेवला. "हलू नकोस."

तो हलला नाही. नळ्या मात्र हातातून सुटून खणखणत खाली पडल्या.