नाव हलवायचंय

कातळावरून येणाऱ्या पायवाटेनं दमयंती दोन हंडे घेऊन चढत होती, नि नवे गुरुजी कागद घेऊन उतरत होते. वाट केवढी, तर एका माणसाची. कुणीतरी बाजूला व्हायला हवं. गुरुजी झाले... ते थेट करवंदीच्या जाळीत.

"लागलं काय गुरुजी?"

"मला नाही, शर्टाला." गुरुजी काटे काढत होते. "मतदार यादीचं काम दिलंय. शिवाकाकांचं घर कुठं?"

"माझे बाबाच ते. पण माझं नाव इथंच लिवा. घरी नको."

हे गुरुजी म्हणजे शुभंकर. नाटे गावचा पोरगा, सहा महिन्यांमागं आमच्या शाळेत आलेला. तिथंच दगडावर बसून त्यांनी फॉर्म काढला.

"वय?"

"चोवीस."

"मग आजवर नाव कसं नाही?"

आमच्याकडं पोरीचं नाव माहेरच्या यादीत कोण घालत नाय. लगीन होऊन जायचीच आहे, सासरचे घालतील. पण मागल्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आमच्या खालच्या वाडीचा माणूस एका मतानं पडला, नि नळ गेला वरच्या वाडीत. दमयंती तेव्हा घरात तांदूळ निवडत बसलेली. ते तिच्या मनाला लागलं होतं.

"एक मत, गुरुजी," ती म्हणाली. "त्याचे हे दोन हंडे."

गुरुजींनी हंड्यांकडं बघितलं, मग तिच्याकडं. जरा जास्तच वेळ बघितलं, असं ती अजून सांगते.

"फोटो लागेल."

"हसरा की साधा?"

"साधा... यादीला साधाच लागतो."

"नि तुम्हाला?"

गुरुजींचं पेन थांबलं.

तर नाव लागलं. मतदानाच्या दिवशी ही पोरगी म्हाताऱ्यांचे हात धरून उन्हातून शाळेपर्यंत आणत होती, नि दाराबाहेर गुरुजी यादी घेऊन बसलेले. एक म्हातारी पोचवली की दोघांचं एक वाक्य बोलून व्हायचं. खालची वाडी अकरा मतांनी जिंकली.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी धीर केला. "दमयंती... नाटे गाव कसं वाटतं तुम्हाला?"

तिला कळलं. आवडलंही. तरी म्हणाली, "गाव चांगलंच असेल. पण लगीन करून गेले की माझं नाव इथून जाणार. नळाचे पाईप अजून यायचेत. पुढच्या खेपेला मी स्वतः उभी राहीन म्हणते." मग हळूच, "दुसऱ्या कोणी विचारलं असतं ना... तर सरळ नाय म्हटलं असतं."

आठ दिवस गुरुजी त्या वाटेला फिरकले नाहीत. दमयंती मात्र पाण्याला रोज दोन खेपा जास्त घालत होती.

नवव्या दिवशी ते शिवाच्या पडवीत हजर. हातात फॉर्म.

"काका, नाव हलवायचंय. तुमच्या घराचा नंबर हवा."

शिवा सुपारी कातरायचा थांबला. "दमीचं नाव कुठं नेताय?"

"तिचं नाही. माझं. नाट्याहून... इथं. तुम्ही नि ती हो म्हणालात तर."

"आईला विचारलंत?"

"आठ दिवस तेच करत होतो."

"लोक घरजावई म्हणतील."

"म्हणू देत. शाळेत पोरं याहून वाईट नावं ठेवतात."

शिवानं सुपारी तोंडात टाकली नि चावत बसला. कोकणी माणूस तो, लगेच हो म्हणेल तर शपथ. शेवटी म्हणाला, "नंबर... आता कोणाच्या ध्यानात असतो."

"सत्तावन्न," दाराआडून आवाज आला. "नीट लिवा गुरुजी. अठ्ठावन्न मथुराकाकूंचं आहे."