डबक्याच्या कडेने

त्याच्याआधी मला त्याचा टायर भेटला.

टेकडीवरच्या जंगलात आमची सायकलची वाट आहे. तिच्या मधोमध एक डबकं साचतं. शहाणा माणूस तिथे सायकलवरून उतरतो, नाहीतर सरळ मधून जातो. या महाशयांनी मात्र कडेच्या ओल्या गवतावरून सायकल काढली होती. एकदा नाही, चांगली सात-आठ वेळा! गवत मेलं, तिथेही चिखल झाला, मग मागून येणारे आणखी कडेने गेले. हातभर रुंदीच्या वाटेवरून आता ट्रक गेला असता.

चिखलातल्या नक्षीत ठरावीक अंतराने एक जागा रिकामी दिसत होती. म्हणजे टायरचा एक दात तुटलेला. मी ती नक्षी डोक्यात पक्की बसवली, कारण वनरक्षक बाई बजावून गेल्या होत्या, "रविवारी सकाळी येते. वाट अशीच असली तर सायकली कायमच्या बंद. आणि हे कुणी केलं, तेही मला कळायला हवं."

तीन वर्षं मी त्या वाटेवर चर खणले होते, दगड रचले होते, हाताला घट्टे पाडून घेतले होते. आणि कुणीतरी एक आगाऊ माणूस येऊन त्यावर चाक फिरवतो म्हणजे काय!

गुरुवारी तो माणूस आपल्या पायांनी मामाच्या दुकानात आला. मी तिथे सायकली दुरुस्त करते. बाहेर भुरभुर पाऊस होता. त्याच्या काखेत हेल्मेट, केसांवर थेंब, आणि चेहऱ्यावर असं हसू की... जाऊ दे.

"शनिवारी तीन दिवसांच्या ट्रिपला निघतोय," तो म्हणाला. "डोंगरातली वाट आहे. सगळं तपासून द्याल?"

मी ब्रेक पाहिले, चेन पाहिली. जादा ट्यूब आणि पंप घेतलाय का विचारलं. सायकल कशी आरशासारखी लख्ख होती. मग मागचं चाक फिरवलं... आणि हात थांबला.

"तुमच्या टायरचा एक दात तुटलाय."

"अरेच्चा! मी दातांचाच डॉक्टर आहे, आणि मलाच दिसला नाही."

"हसू नका!" मी पाना आपटला. "टेकडीवरची वाट तुम्ही नासवलीत. तुम्हीच! ती अशीच दिसली तर रविवारी वनरक्षक बाई सायकली कायमच्या बंद करणार! डबक्यातून जायला काय होतं? चार थेंब उडाले असते तर विरघळला असतात?"

तो बावरला. हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. "पण... तुम्हीच सांगितलं होतं."

"मी?"

"पंधरा दिवसांपूर्वी. चिखलाने बरबटलेली सायकल आणली होती मी. तुम्ही म्हणालात, पुन्हा अशी आणलीत तर चाकं काढून ठेवीन." तो हेल्मेटचा पट्टा चाळवू लागला. "ट्रिपच्या सरावाला रोज तिथे जायचो. चिखल चुकवत गेलो. नाहीतर इथे परत यायला तोंड राहिलं नसतं... आणि यायचं तर होतं."

मला आठवेना. मी रोज दहा जणांना झापते, कुणाकुणाला लक्षात ठेवू? पण चाकं काढून ठेवीन हे वाक्य माझंच, यात शंका नव्हती.

आतून मामाचं खो-खो हसणं ऐकू आलं. "घ्या! आपलेच दात आणि आपलेच ओठ!"

"मामा, तुम्ही गप्प बसा!"

डॉक्टरांना म्हटलं, सायकल तयार आहे, जा. तो गेला. मला त्याचा राग आला, माझा आला, मामाचा तर आलाच. आणि त्या सगळ्या रागाच्या तळाशी तो मला आवडला होता, याचा सर्वांत जास्त आला.

रविवारी उजाडताच फावडं घेऊन टेकडी चढले. एवढं काम एकटीने कसं उरकणार होतं? उगाच मनात आलं, साहेब आता डोंगरात मजेत असतील.

साहेब डबक्याशी होते. गुडघाभर चिखलात.

"ट्रिप?" मी विचारलं.

"पुढे ढकलली. वाट बंद झाली तर कुठल्या तोंडाने जाऊ?"

मला भरून आलं. आणि तेवढ्यात त्याचं काम दिसलं.

"हे काय केलंत? नुसती माती ओतलीत! पहिल्या सरीत वाहून जाईल. दात भरता तेव्हा आधी कीड काढता ना? मग इथे आधी पाणी काढा!"

"बरं," तो इतक्या आनंदाने म्हणाला, की मी आणखी चिडले.

आम्ही चर खणला, डबक्यातलं पाणी उताराला लावलं. तळाशी दगड बसवले, तुडवलेल्या कडेवर वाळक्या फांद्या आडव्या टाकल्या. एकच दगड दोघांनी उचलला तेव्हा बोटांना बोटं लागली... दगड पायावर पडता पडता राहिला.

वनरक्षक बाई आल्या. त्यांनी बुटाने दगड हलवून पाहिला. हलला नाही.

"काम ठीक आहे. पण हे केलं होतं कुणी?"

"मी," तो पुढे झाला.

ते नाव मी स्वतःच सांगणार होते. तीन वर्षांच्या मेहनतीची शपथ घेतली होती. पण तोंडातून निघालं, "मी सांगितलं म्हणून केलं त्यांनी. चूक माझीही आहे."

"मी एक नाव मागितलं, तुम्ही जोडी देताय," बाई म्हणाल्या. "पावसाळा संपेपर्यंत दर रविवारी दोघांनी हा चर साफ करायचा. एक रविवार चुकला, की वाट बंद."

त्या उतरून गेल्या.

"ही काय शिक्षा झाली?" मी फणकारले. "मी तीन वर्षं हेच करतेय!"

"मला तर कमीच वाटते," तो फावड्याच्या दांड्याकडे बघत म्हणाला. "पावसाळा संपेल... रविवार उरतीलच ना. मला तुम्ही आवडता. झापता तेव्हा तर जास्तच."

माझा संताप अनावर झाला.

"हे मी म्हणणार होते! फावडं धुऊन झालं, की म्हणणार होते!"

"मग म्हणा ना," तो म्हणाला.

म्हणाले. रागातच.